गोळीने थांबणारी आणि पुन्हा उठणारी दाढदुखी: घरी काय तपासायचं, डॉक्टर कुठे गाठायचे

दाढ दोन दिवस ठणकते, केमिस्टकडच्या गोळ्यांनी शांत होते आणि महिन्याभराने, नेमकी अंथरुणाला पाठ टेकल्यावर, पुन्हा उठते. अशा तीन-चार फेऱ्या झाल्यावर लोक दवाखान्यात येतात. तोवर दर फेरीत बिघाड एकेक पायरी पुढे गेलेला असतो. पहिल्यांदा फिलिंगवर भागलं असतं, नंतर रूट कॅनल लागतं आणि शेवटी दाढ काढण्यावाचून इलाज उरत नाही. गोळीने कळ थांबते, पण ती जिथून येते ती जागा तशीच राहते. ती जागा शोधण्याचा क्रम पुढे दिला आहे: आधी आरशासमोर, बिनखर्चात होणाऱ्या गोष्टी, मग क्लिनिकमधल्या.

हे वाचतानाच गालावर किंवा जबड्याखाली सूज असेल आणि सोबत ताप, गिळायला त्रास, तोंड न उघडणं, जीभ वर ढकलल्यासारखी वाटणं किंवा श्वास जड होणं यांपैकी काहीही असेल, तर पुढच्या तपासण्या सोडा. दाताचा पू मानेच्या पोकळीत उतरला की काही तासांत श्वासनलिका दाबली जाऊ शकते. रात्र असली तरी मुंबईतल्या केईएम, सायन, नायर यांसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा किंवा १०८ ला फोन करा. सूज डोळ्याकडे चढत असेल तरीही तेच. जिना चढताना किंवा भराभर चालताना जबडा दुखतो, थांबल्यावर कमी होतो, घाम फुटतो किंवा छाती भरून येते, तर ते दुखणं हृदयाचं असू शकतं. तेव्हाही आधी रुग्णालय.

दुखण्याची चाल ओळखा

गार पाणी किंवा गोड लागलं की दात शिवशिवतो आणि पाच-दहा सेकंदांत शांत होतो: नस जिवंत आहे, फक्त चिडली आहे. कीड अजून दाताच्या आतल्या नसेला पोचलेली नसेल, हिरडी खाली सरकून मुळाचा भाग उघडा पडला असेल, किंवा जुन्या सिमेंटच्या कडेला फट पडली असेल. दात वाचवण्याची सगळ्यात स्वस्त वेळ हीच आहे, आणि थोडंसंच दुखतंय म्हणून लोक नेमकी हीच वेळ घालवतात.

गाराने उठलेली कळ अर्ध्या मिनिटाहून जास्त रेंगाळते, गरम चहाने भडकते, आडवं झालं की ठणका लागतो: नस आता पूर्ववत होण्याची शक्यता फार कमी. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो. नस सुजली तरी तिच्याभोवतीची दाताची पोकळी कठीण असल्याने तिला फुगायला जागा नसते, म्हणून रात्र नकोशी होते. काहींना तर तोंडात गार पाणी धरल्यावरच बरं वाटतं. दुखणं तिथवर गेलं असेल तर रूट कॅनलची तयारी ठेवा.

आठवडाभर ठणकून दुखणं एकाएकी बंद होतं. सर्वांत फसवं लक्षण हेच. बहुतेक वेळा नस मेलेली असते, म्हणून कळ थांबते. जंतू मुळाच्या टोकातून हाडात शिरतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दाढ उंच झाल्यासारखी वाटते, चावताना दुखते, हिरडीवर पुळी येते. पुळी फुटून खारट-कडवट पू आला की दाब उतरतो आणि पुन्हा सगळं शांत.

घास चावून दात उचलताना चिमटा बसतो: दाढेला तडा असू शकतो. सुपारी, बर्फाचे तुकडे किंवा डाळीतला खडा ही त्याची नेहमीची कारणं, आणि रात्री दात खाण्याची सवयही. अशी दाढ एक्स-रेमध्ये बऱ्याचदा निर्दोष दिसते, त्यामुळे पेशंट ‘काही निघालं नाही’ म्हणून परत जातो.

सर्दीबरोबर वरच्या मागच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात, खाली वाकलं की जड होतात: सायनस. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला लागून असतात. तोंड धुताना किंवा वारा लागताच विजेचा झटका बसावा तशी सेकंदाची कळ येते आणि मधल्या वेळात दात अगदी बरा असतो, तर ते चेहऱ्याच्या नसेचं दुखणं असू शकतं. ते न्यूरॉलॉजिस्टचं काम आहे. अशा कळेपायी लोकांनी चांगल्या दाढा काढून घेतल्या आहेत आणि कळ तशीच राहिली आहे.

घरच्या तपासण्या

मोबाइलचा टॉर्च, हात धुऊन गाल बाजूला ओढायला एक बोट, आणि आरसा. दुखऱ्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही दाढा पाहा. नसेचं दुखणं नेमकी जागा सांगत नाही: खालची दाढ बिघडलेली असताना वर कळ जाणवते, कानातही जाते. मात्र उजवीकडचं दुखणं सहसा मध्यरेषा ओलांडून डावीकडे जात नाही, त्यामुळे बाजू तरी पक्की धरता येते. काळा खड्डा, तुटलेला कोपरा, दोन दाढांमधली करडी सावली, निखळलेलं सिमेंट, हिरडीवरची पुळी, हे शोधा आणि दिसेल त्याचा फोटो काढून ठेवा. डॉक्टरकडे जाईपर्यंत पुळी बसलेली असते, तेव्हा तो फोटो कामी येतो.

मग फ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा धागा. कोणत्याही केमिस्टकडे मिळतो. दीड वीत धागा घेऊन दुखऱ्या दाढेच्या दोन्ही बाजूंनी हळू आत घाला, दाताला चिकटवून वर-खाली करा. पेरूची बी, मटणाचा रेषा, मक्याच्या दाण्याचं साल निघून दुखणं तासाभरात उतरलं, तर कारण सापडलं. पण अन्न रोज त्याच फटीत अडकत असेल तर ती फट नव्हती तिथे का झाली, हे बघावंच लागतं. दोन दाढांमधल्या किडीने किंवा नीट न बसलेल्या फिलिंगने ती झालेली असते. धागा दर वेळी एकाच जागी फाटतो, तर तिथे कीड किंवा फिलिंगची खरबरीत कड आहे असं समजा. टूथपिक खुपसू नका. तिने फट रुंदावते आणि हिरडी जखमी होते.

धाग्यानंतर गुळण्या. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चारदा, आणि जेवणानंतर हमखास. सुजलेल्या हिरडीला याने खरोखर आराम पडतो. अक्कलदाढ अर्धी बाहेर आलेली असली की तिच्यावरच्या हिरडीच्या झडपेखाली अन्न कुजतं. तिथलं दुखणं या गुळण्यांनी दोन दिवसांत उतरू शकतं. पण महिन्याभरात तीच झडप दुसऱ्यांदा सुजली, तर दाढ काढायची का हे सर्जनला विचारायची वेळ झाली आहे.

चावण्याची तपासणी आइस्क्रीमच्या लाकडी काडीने होते. काडी एका वेळी एकाच दाढेवर ठेवा, हळू चावा, मग सोडा. दाबताना दुखलं तर मुळाच्या टोकाशी सूज, सोडताना दुखलं तर तडा, असा अंदाज धरा. शेजारच्या दाढांवरही हेच करा, कारण तुलना केल्याशिवाय या तपासणीला अर्थ नाही. ज्या दाढेला टेकवताच डोळ्यांत पाणी येतं तिच्यावर जोर लावू नका. तिचं निदान झालेलंच आहे.

गाराची तपासणीही अशीच. बर्फाचा लहानसा तुकडा पातळ कापडात गुंडाळा. आधी दुसऱ्या बाजूच्या चांगल्या दाढेला दोन-तीन सेकंद लावा, म्हणजे साधी संवेदना कशी असते ते कळेल. मग संशयित दाढेला लावा आणि बर्फ काढल्यावर कळ किती सेकंद राहिली ते मोजून लिहून ठेवा. दहा सेकंद आणि साठ सेकंद यांत फिलिंग आणि रूट कॅनल एवढं अंतर आहे. चांगल्या दाढेला गार कळतं आणि दुखणाऱ्या दाढेला काहीच कळत नाही, तर तिची नस मेलेली असण्याचा संशय घ्या. (पूर्वी रूट कॅनल झालेल्या दाढेला गार लागणारच नाही, तिथे ही तपासणी लागू नाही.)

तोंड किती उघडतं तेही बघा. स्वतःची मधली तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जायला हवीत. दोनच जात असतील आणि अक्कलदाढेपाशी सूज असेल, तर संसर्ग स्नायूंपर्यंत पोचला आहे. त्याच दिवशी दाखवा. सूज नाही, पण तोंड उघडणं महिनोन्‌महिने कमी होत गेलंय, तिखट झोंबतं आणि गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठ लागते, तर त्याचं कारण गुटखा किंवा सुपारी असण्याची शक्यता मोठी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी हे पेशंट रोज येतात. हा आजार कर्करोगाकडे वळू शकतो. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, घासून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर कोणत्याही दंत महाविद्यालयात किंवा परळच्या टाटा मेमोरियलमध्ये तपासून घ्या. अशा जखमा सुरुवातीला बहुधा दुखत नाहीत, म्हणून न दुखणारी जखम जास्त गंभीरपणे घ्या.

शेवटची घरगुती तपासणी आठवणीची. त्या दाढेवर हल्ली काही काम झालंय का? नवं फिलिंग झाल्यापासून चावताना दुखतंय, तर ते थोडं उंच राहिलं असेल. भूल असताना दात नेमके कुठे टेकतात ते पेशंटला सांगता येत नाही, म्हणून हे होतं. रंगीत कागदावर चावायला लावून उंचवटा घासतात, पाच मिनिटांचं काम. महिनाभर सहन करत बसू नका. दाढ काढल्यावर दुखणं आधी कमी होऊन दुसऱ्या-चौथ्या दिवशी भयंकर वाढलं, तर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. सिगारेट ओढणाऱ्यांना हे जास्त होतं. तिथे गोळ्या वाढवून उपयोग नाही, खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरून घ्यावी लागते.

डॉक्टर मिळेपर्यंतची रात्र

मोठ्या माणसाला, दुसरा आजार नसेल तर, जेवणानंतर आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, आठ तासांच्या अंतराने, दिवसात तीनपेक्षा जास्त नाही. पोटाचा अल्सर, किडनीचा आजार, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर ती नको. पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने घ्या. यकृताचा आजार असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच. पाकिटावरचे घटक वाचा: ‘दाढदुखीची गोळी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं आणि नकळत दुप्पट डोस जातो. मुंबईत पावसाळ्यात ताप असताना आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. डेंग्यू किंवा लेप्टोस्पायरोसिस असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

लवंगेच्या तेलाने नस थोडा वेळ बधिर होते. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, दाताच्या खड्ड्यातच. हिरडीला लागलं तर भाजतं. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून धरल्यानेही गाल भाजतो. मिशरी किंवा तंबाखू दाबून ठेवल्याने बधिरपणा येतो, म्हणून घरातल्या आजी-मावश्या अजूनही सुचवतात. त्यांना प्रेमाने समजावा, पण ऐकू नका. बाहेरून गरम शेकही नको. सूज असेल तर गार पट्टी, दहा मिनिटं ठेवून दहा मिनिटं काढायची.

घरात उरलेल्या अँटिबायोटिकचा अर्धा कोर्स घेऊन दात तसाच सोडणं हे या पुनःपुन्हा उठणाऱ्या दुखण्याचं एक नेहमीचं कारण आहे. नस सुजलेली असते तेव्हा अँटिबायोटिकने कळ थांबत नाही. नस मेलेली असेल तर दाताच्या आत रक्तपुरवठाच उरलेला नसतो, आणि औषध रक्तातून जातं. त्यामुळे बाहेरची सूज ओसरते, आतला साठा तसाच राहतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा बाहेर येतो. अँटिबायोटिकची जागा ताप किंवा पसरती सूज असताना आहे, आणि तीही दात साफ करण्याच्या जोडीला, डॉक्टरांनी लिहून दिल्यावर.

मुंबईत कोणाकडे जायचं

दाढेच्या कामाला दोन ते चार खेपा लागू शकतात, म्हणून क्लिनिक घराच्या किंवा रोजच्या स्थानकाच्या जवळचं बघा. विरारला राहून दादरला अपॉइंटमेंट घेतली की तिसरी खेप चुकते, तात्पुरतं सिमेंट झिजतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. दाताच्या डॉक्टरची किमान पदवी बीडीएस, आणि नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे. नोंदणी क्रमांक क्लिनिकमध्ये किंवा प्रिस्क्रिप्शनवर दिसायला हवा, नसेल तर विचारा. साधं फिलिंग आणि बरीचशी रूट कॅनल बीडीएस डॉक्टर उत्तम करतात. वाकडी मुळं, पूर्वी बिघडलेलं रूट कॅनल यासाठी एंडोडॉन्टिस्ट, हाडात अडकलेल्या अक्कलदाढेसाठी ओरल सर्जन, हलणाऱ्या दातांसाठी पेरिओडॉन्टिस्ट, लहान मुलांसाठी पेडोडॉन्टिस्ट, अशी एमडीएसची, म्हणजे बीडीएसच्या पुढची पदवी घेतलेल्या तज्ज्ञांची, वाटणी आहे. गल्लीतल्या छोट्या क्लिनिकमध्येही हे कन्सल्टंट ठरल्या वारी येतात. फोन करतानाच ‘रूट कॅनल कोण करतात आणि कोणत्या वारी येतात?’ असं विचारलं की एक खेप वाचते.

आणखी तीन गोष्टी विचारा. एक्स-रे तिथेच निघतो का? सांगितलेल्या पैशात कॅप (दाढेवर बसवायची टोपी) धरली आहे की वेगळी? रूट कॅनलला रबर डॅम लावतात का? दाढेभोवती ताणून बसवायचा हा रबराचा पातळ पडदा थुंकी आत जाऊ देत नाही, आणि थुंकी म्हणजे जंतू. अवजारं बंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली जावीत. ऑटोक्लेव्हमध्ये वाफेखाली निर्जंतुक झालेल्या पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललेला असतो. तो दाखवा म्हटलं तर चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

खर्च झेपत नसेल तर दात काढून मोकळं व्हायच्या आधी सरकारी आणि पालिकेचं दार ठोठावा. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय. नवी मुंबईकरांना नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याला एमजीएम ही खासगी दंत महाविद्यालयं जवळ पडतात. केसपेपर, एक्स-रे, विभाग अशी रांग असते, तेव्हा सकाळी लवकर पोचा आणि अर्धा दिवस हाताशी ठेवा. काम विद्यार्थी करतात, पण प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतात. वेळ लागतो, दर्जाची भीती बाळगू नका.

जाताना हे सांगा: मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (स्वतःहून बंद करू नका), हाडं ठिसूळ झाल्याबद्दल घेतलेली इंजेक्शनं किंवा गोळ्या, गरोदरपण, औषधांची अ‍ॅलर्जी. हाडांच्या त्या औषधांमुळे दात काढल्यानंतर जबड्याची जखम भरायला अडथळा येऊ शकतो, आणि लोक ती ‘दाताशी काय संबंध’ म्हणून सांगत नाहीत.

क्लिनिकमध्येही पुन्हा का बिघडतं

रूट कॅनल झालेली दाढ दोन-तीन दिवस चावताना दुखणं साधारण आहे. आठवड्याने कमी होत नसेल किंवा काही महिन्यांनी परत उठत असेल, तर तीन कारणं आधी तपासतात. एक, चुकलेली नळी, म्हणजे मुळातली नसेची एखादी वाट साफ करायची राहून जाणं. वरच्या पहिल्या दाढेत तीन मुळं असली तरी बहुतेक वेळा चौथी बारीक नळी असते, ती सापडली नाही की तिथले जंतू राहतात. दोन, गळणारं झाकण. तात्पुरतं सिमेंट दोन-तीन आठवड्यांसाठी असतं, ‘दुखत नाही ना आता’ म्हणून चार महिने तसंच ठेवलं की थुंकी आत झिरपते आणि चांगलं झालेलं काम वाया जातं. तीन, कॅप न बसवल्याने गेलेला तडा. कीड आणि उपचार यांनी दाढ आधीच पोखरलेली असते, चकलीच्या एका घासाने ती उभी चिरते. तडा मुळापर्यंत गेला तर ती वाचवता येत नाही. म्हणून पैसे कमी असतील तर झिरकोनियाच्या महागड्या पांढऱ्या कॅपसाठी थांबू नका, साधी धातूची कॅप वेळेवर बसवा. मागच्या दाढेला ती भक्कम चालते.

हिरडीतून रक्त येत असेल आणि दात हलत असतील तर ‘क्लीनिंगने दात ढिले होतात’ या समजापायी वर्षं घालवू नका. दातांभोवती साचलेल्या टार्टरखाली, म्हणजे कडक झालेल्या थराखाली, हाड झिजत असतं. टार्टर निघाल्यावर आधीच झालेली पोकळी जाणवते इतकंच. साखर ताब्यात नसेल तर हिरड्या वारंवार सुजतात, त्यामुळे एचबीए१सीचा (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा) रिपोर्ट सोबत न्या.

मुलांच्या बाबतीत एकच चूक फार महागात पडते. सहाव्या वर्षाच्या सुमारास, कोणताही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे नवी दाढ येते. ती कायमची असते. ‘दुधाची आहे, पडेल’ म्हणून तिची कीड सोडून देऊ नका. आणि मुलाच्या गालावर सूज असेल तर सकाळची वाट न बघता दाखवा.

कोणत्याही उपचारानंतर एक्स-रेची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या आणि तारखेसह जपा. मुळाच्या टोकाशी काळा डाग असेल तर सहा महिन्यांनी आणि वर्षाने तसाच एक्स-रे पुन्हा काढतात. डाग लहान होत गेला तर हाड भरतंय. तेवढाच राहिला किंवा वाढला, तर दुखत नसलं तरी दोन्ही प्रती घेऊन एंडोडॉन्टिस्टकडे जा.